वेसेन हा ‘फ्यूजन बँड’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या पंधरवड्यात जगभरच्या लोकसंगीतावर आलेला लेख मी दोनदा वाचला. असे विषय वृत्तपत्रांत क्वचित येतात, म्हणून आधी लेखकाचे आभार मानतो. मात्र स्वीडनच्या ‘वेसेन’ या गटाविषयी त्यात ज्या चार-पाच ओळी आहेत, त्यांत दोन चुका राहून गेल्या आहेत. गटाला ‘फ्यूजन बँड’ म्हटले आहे आणि छायाचित्राखालच्या ओळीत त्यांच्या मुख्य वाद्याचे वर्णन ‘एक प्रकारचे व्हायोलिन’ असे केले आहे. दुसरी चूक एका वाक्यात दुरुस्त होण्यासारखी आहे. पहिलीसाठी मात्र थोडी जागा लागेल, ती आपण द्यावी अशी विनंती आहे.

मी संगीताचा अभ्यासक नाही. रविवार कारंज्याजवळ चाळीस वर्षे पेटी आणि तंबोरा दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवले, आता ते मुलगा पाहतो आणि मी सकाळी दोन तास जाऊन बसतो. वेसेनशी माझी ओळख भाच्यामुळे झाली. तो नोकरीनिमित्त उप्साला या गावी असताना सुट्टीत येताना एक सीडी घेऊन आला आणि म्हणाला, मामा, यात तुमच्या कामाचे काहीतरी आहे. दुकानात ती लावली तेव्हा पहिल्या दोन मिनिटांतच मी हातातला पाना खाली ठेवला. गजाने वाजणाऱ्या एका वाद्याच्या मागे तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारांचा नाद उभा होता. सारंगी ऐकलेल्या माणसाला तो नाद ओळखायला वेळ लागत नाही, पण हा सारंगीचाही नव्हता, कारण सूर सरकत येत नव्हते, पेटीच्या पट्टीसारखे नेमके पडत होते. गज आहे, तरफ आहे, पण मींड नाही, हे कोडे मला त्या दिवशी सुटले नाही.

ते पुढे २०१४ च्या जुलैत सुटले. भाच्याबरोबर त्याच्या कचेरीतल्या एक स्वीडिश बाई नाशिकला आल्या होत्या आणि त्यांनी आपले वाद्य बरोबर आणले होते. ब्रह्मगिरीच्या पावसात दोन दिवस त्र्यंबकला राहून परत येईतो त्या वाद्याच्या निम्म्या कळा अडकल्या होत्या. भाचा त्यांना थेट दुकानात घेऊन आला. त्या वाद्याचे नाव निकेलहार्पा. निकेल म्हणजे किल्ली किंवा कळ. आपल्याकडे लग्नाच्या बेंजो पार्टीत जो बेंजो, म्हणजे बुलबुलतरंग असतो, तशा कळा, पण त्या बोटांनी वरून दाबायच्या नसतात. वाद्य पट्ट्याने गळ्यात अडकवून पोटाशी आडवे धरतात, डाव्या हाताची बोटे खालून कळा वर ढकलतात आणि उजव्या हातात आखूड गज असतो. प्रत्येक कळेवर लाकडाचे एक लहानसे पाते उभे असते, ते बाजूने तारेला टेकते आणि तिथे सूर ठरतो. कळ सोडली की ती आपल्याच वजनाने खाली पडते, तिला स्प्रिंग नसते. लाकूड पावसाने फुगले की कळ वर जाते आणि तिथेच राहते, हे ओघानेच आले. पावसाळ्यात पेट्यांच्या पट्ट्यांवर जो उपाय आम्ही करतो तोच केला. एकेक कळ काढून क्रमाने कागदावर मांडली, खोबणी कोरड्या फडक्याने पुसल्या आणि शिसपेन्सिलीचे टोक कडांवरून फिरवले. आधुनिक निकेलहार्पाला साधारण ३७ कळा आणि सोळा तारा असतात. त्यातल्या तीन चाल वाजवण्याच्या, एक आसेची, म्हणजे एकच आधारसूर धरून ठेवणारी, आणि बारा तरफेच्या. पाती किंचित फिरवून प्रत्येक सूर बारीक मिळवता येतो, हे त्या बाईंनी मला दाखवले. ही सोय आमच्या पेटीत असती तर अर्धी भांडणे मिटली असती. हे सगळे सांगितले ते एवढ्यासाठी की याला ‘एक प्रकारचे व्हायोलिन’ म्हणणे हे सनईला एक प्रकारची बासरी म्हणण्यासारखे आहे.

निघताना मी त्या बाईंना विचारले, हे कोणत्या कारखान्याचे? त्या हसल्या. वडिलांनी केलेले, म्हणाल्या. त्यांचे वडील व्यवसायाने सुतार नव्हते. गावात संध्याकाळी वाद्ये बनवायला शिकवणारा वर्ग असे, तिथे जाऊन एका हिवाळ्यात त्यांनी ते तयार केले होते. वेसेनविषयी मला जे म्हणायचे आहे त्याचा उगम या उत्तरात आहे.

वेसेनचे ओलोव योहान्सन आणि मिकाएल मारीन हे दोघे स्वीडनच्या उप्पलांड प्रांतातले. स्टॉकहोमच्या उत्तरेला असलेला हा सगळा मुलूख निकेलहार्पाचा समजला जातो. ओलोव चौदाव्या वर्षापासून हे वाद्य वाजवू लागले आणि एरिक साहल्स्ट्रम यांच्यासारख्या जुन्या वादकांकडून शिकले. मिकाएल व्हायोला वाजवतात, तोही चारऐवजी पाच तारांचा. म्हणजे व्हायोलिनची वरची तार आणि व्हायोलाची खालची तार एकाच वाद्यात येतात. रॉजर टालरोथ बारा तारांची गिटार वाजवतात आणि ती नेहमीच्या पद्धतीने न मिळवता, आसेचा सूर मोकळ्या तारांवर मिळेल अशी जुळवतात. हे तिघे १९८९ साली एकत्र आले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा पहिला संग्रह, म्हणजे अल्बम निघाला. त्याच १९९० साली निकेलहार्पाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि तिच्यात जुन्या व नव्या अशा दोन्ही प्रकारच्या वाद्यांवर ओलोव योहान्सन पहिले आले. ‘जागतिक’ हा शब्द वाचून हसू नये. जे वाद्य एका प्रांताबाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते, त्याची स्पर्धा त्यांनी गावात भरवली आणि तिला हे नाव देण्याची हिंमत केली, याचे मला कौतुक वाटते.

वेसेन या शब्दाला स्वीडिशमध्ये बरेच अर्थ आहेत. सत्त्व, जीव, अदृश्य शक्ती, आणि त्याचबरोबर गोंगाटही. आपल्याकडे ‘नाद’ या शब्दात स्वर, छंद आणि वेड एकत्र नांदतात, तसेच काहीसे.

त्यांची वाटचाल बाहेरून पाहिली तर साधी दिसते. नव्वदच्या दशकात संग्रहामागून संग्रह आले. १९९७ च्या सुमारास आंद्रे फेरारी हे तालवादक सामील झाले आणि गट चौघांचा झाला. अमेरिकेत मिनिआपोलिस येथील एका कंपनीने उत्तर युरोपातले लोकसंगीत तिकडच्या श्रोत्यांपर्यंत न्यायला सुरुवात केली होती, तिच्यामार्फत वेसेनचा तिथे मोठा चाहतावर्ग तयार झाला. त्याच शहरातल्या नॉर्डिक रूट्स महोत्सवातल्या त्यांच्या मैफलीचा संग्रह २००१ साली निघाला. २००३ साली ते पुन्हा तिघेच होऊन वाजवू लागले आणि त्या संग्रहाचे नावही त्यांनी सरळ ‘ट्रिओ’ असे ठेवले. २००७ साली माइक मार्शल आणि डॅरोल अँगर या दोन अमेरिकी वादकांबरोबर एक संग्रह झाला. इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन या गावात एका रस्त्याला त्यांचे नाव मिळाले आणि २००९ च्या संग्रहाला त्यांनी त्या रस्त्याचेच नाव दिले. २०१२ साली पंच ब्रदर्स या अमेरिकी गटाने वेसेनची एक रचना आपल्या संग्रहात वाजवली. २०१३ च्या संग्रहात फेरारी परत आले. २०१९ साली तिघांचा ‘रूल ऑफ थ्री’ आला. त्यानंतर टालरोथ बाहेर पडले आणि आता ओलोव व मिकाएल हे दोघेच वेसेन या नावाने वाजवतात. तीस वर्षे तीच तीन माणसे एका गटात राहिली, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही पुरस्काराहून मोठी वाटते. आमच्या शहरातल्या भजनी मंडळांचे तीस महिन्यांत दोन तुकडे झालेले मी पाहिले आहेत, आणि दोन्ही तुकड्यांच्या पेट्या माझ्याकडेच दुरुस्तीला येत असल्याने मला कुणाचीच बाजू घेता आली नाही.

२००७ सालचा ‘लिनेयस वेसेन’ हा संग्रह मी थोडा सावकाश सांगतो, कारण त्यावरून गटाची वृत्ती कळते. कार्ल लिनेयस हे वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणारे शास्त्रज्ञ १७०७ साली जन्मले आणि उप्सालाच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. आपल्या पंचवटीतल्या वडाला फायकस बेंगालेन्सिस हे नाव १७५३ साली त्यांनीच दिले. त्यांच्या त्रिशताब्दीच्या वर्षी वेसेनने त्यांच्या काळाशी आणि भोवतालाशी नाते सांगणाऱ्या चालींचा एक संग्रह केला. शताब्दीचा कार्यक्रम म्हटला की आपल्याकडे नवे गीत लिहवून घेतात, त्यात त्या थोर पुरुषाचे नाव आठ वेळा येते आणि शाल-श्रीफळाने सांगता होते. या तिघांनी शब्द नसलेली पोल्स्का वाजवली, जी त्या काळातल्या माणसांच्या कानांवर लग्नात आणि सणासुदीला पडत असणार.

पोल्स्का हा तिकडचा मुख्य नाचाचा प्रकार. तीन मात्रांचा, पण या तीन मात्रा घड्याळाच्या ठोक्यासारख्या सारख्या अंतराने पडतीलच असे नाही. काही भागांत पहिली मात्रा आखूड पडते, काही भागांत दुसरी जरा लवकर येऊन लांबते, आणि कोणता वादक कोणत्या खोऱ्यातला आहे हे जाणकार यावरून ओळखतात. हे कानाने पकडणे सोपे नाही. माझा नातू तबला शिकतो, त्याने एकदा डग्ग्यावर दादऱ्याचे वजन धरून साथ करायचा प्रयत्न केला आणि चौथ्या आवर्तनात त्याची आणि त्या सीडीची फारकत झाली. तेव्हा दुकानात वणीकडचे एक गोंधळी बसलेले होते. तुणतुण्याची खुंटी सैल झाली होती म्हणून आले होते. ते काही न बोलता काउंटरवर बोटे वाजवत राहिले आणि शेवटपर्यंत चुकले नाहीत. चाल संपल्यावर म्हणाले, “आमच्यातलंच कुणीतरी वाटतंय, फक्त देव कोणता ते समजत नाही.”

आता ‘फ्यूजन’ या शब्दाकडे येतो. लेखकाच्या मनात कदाचित असे असेल की गावच्या चालींना बारा तारांची गिटार जोडली, म्हणजे मिश्रण झालेच. गिटार उप्पलांडच्या जुन्या वाजंत्र्यांकडे नव्हती हे खरे. पण वाद्य कुठून आले यावर संगीत शुद्ध की मिश्र हे ठरवायचे तर हार्मोनियम युरोपातून आली आणि आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर घातलेली बंदी १९७१ पर्यंत सैल झाली नव्हती. त्या काळात आमच्या व्यवसायातल्या जुन्या माणसांनी काय ऐकून घेतले ते मी लहानपणी पाहिले आहे. तीच पेटी आज कीर्तनात, भजनात आणि ख्यालाच्या साथीला आपली म्हणून बसते, कारण ती गाण्याच्या मागे चालायला शिकली. माझी कसोटी एवढीच असते, की दोन गोष्टी एकत्र आल्या तर कुणी कुणासाठी वाकायचे? वेसेनमध्ये गिटार वाकते. ती चालीखाली ठेका धरत नाही, चालीच्या आतल्या असमान मात्रांना धरून राहते, आणि मिकाएलचा व्हायोला कधी ओलोवच्या चालीला खालचा दुसरा आवाज देतो, कधी तिच्या भोवती फिरतो. दोन वादकांनी एकच चाल वाजवताना दुसऱ्याने खालच्या स्वरांत साथ करायची ही पद्धत तिकडच्या गावांत जुनीच आहे. त्यांनी स्वतः रचलेल्या चालीही याच घाटाच्या आहेत, आणि त्यांच्या संग्रहांत परंपरेतल्या चालींइतक्याच किंवा त्याहून अधिक चाली स्वतःच्या आहेत. नवी ओवी रचली म्हणून ती फ्यूजन होत नाही. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर संबळाचे दोन ठोके चिकटवले की मात्र ते फ्यूजनच, कारण तिथे वाकतो तो संबळ.

पण वेसेन असे वाजवू शकले याचे श्रेय फक्त तिघांच्या गुणांना देता येणार नाही. १९ व्या शतकात स्वीडनमध्ये नव्या धर्मपंथांचा जोर झाला तेव्हा फिडल, म्हणजे गावचे व्हायोलिन, हे सैतानाचे वाद्य ठरले, कित्येक वादकांनी आपली वाद्ये जाळली किंवा फोडली. जे वाचले ते कळांच्या अकॉर्डियनने मागे टाकले. त्यानंतर सावरण्याचे काम ज्या चिकाटीने झाले ते पाहण्यासारखे आहे. आंदेर्स झोर्न हे तिकडचे मोठे चित्रकार, चित्रे विकून श्रीमंत झालेले. त्यांनी १९०६ साली आपल्या भागात येसुंडा येथे जुन्या वादकांची पहिली स्पर्धा भरवली. १९१० साली स्टॉकहोमच्या स्कान्सेन येथे देशभरचे वादक एकत्र आले आणि त्यातून झोर्नचे पदक सुरू झाले. आजही दरवर्षी वादक परीक्षकांसमोर एकट्याने वाजवतात, आणि ज्यांना ते चांदीचे पदक मिळते त्यांना ‘रीक्सस्पेलमान’ म्हणजे राष्ट्राचा वाजंत्री म्हणतात. नाशिकच्या वाचकाने हे नाव लक्षात ठेवावे. गावच्या वाजंत्र्याला राष्ट्राचा म्हणण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे.

त्याच काळात, १९०८ साली, लोकसंगीताच्या आयोगाची स्थापना झाली. त्याची माणसे खेड्यापाड्यांत फिरली, म्हातारे वादक गाठले, चाली कागदावर उतरवल्या, आणि १९२२ ते १९४० या काळात त्यांतून ‘स्वेन्स्का लोटार’ या नावाचे २४ खंड निघाले. त्यांत सुमारे ८,००० चाली आहेत, प्रांतवार लावलेल्या, आणि चालीच्या डोक्यावर ती कोणत्या वादकाकडून घेतली त्याचे नाव. वादकाचे नाव छापणे ही गोष्ट मला २४ खंडांइतकीच महत्त्वाची वाटते. पुढे चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून स्वीडिश रेडिओने ध्वनिमुद्रणे सुरू केली आणि १९५१ साली लोकगीतांचे अभिलेखागार उभे राहिले. संगीताची लेखनपद्धती घडवणाऱ्या आणि उत्तरायुष्यात याच नाशकात रामनाम आधाराश्रम काढणाऱ्या पं. विष्णू दिगंबर पलुस्करांच्या शहराला हे काम समजायला जड जाऊ नये. पण आपण बंदिशी लिहिल्या, सनईवाल्यांच्या आणि गोंधळ्यांच्या चाली लिहून घ्यायला कुणी फारसे गेले नाही.

आणि वाद्य? निकेलहार्पा फार जुने वाद्य आहे. गोटलांड बेटावरील शेलुंगे येथील चर्चच्या दारावर साधारण १३५० सालचे जे कोरीव काम आहे, त्यात ते वाजवणारे दोघे जण असल्याचे मानतात. पण विसाव्या शतकाच्या आरंभी ते उप्पलांडपुरते, आणि तिथेही थोड्याच हातांत उरले होते. ऑगस्ट बोहलिन आणि त्यांच्यानंतर एरिक साहल्स्ट्रम या दोघांनी त्याच्या कळांची मांडणी बदलली. आधीच्या वाद्यात सगळे स्वर मिळत नसत, नव्यात सर्व बारा मिळू लागले आणि इतर वाद्यांबरोबर त्याला बसता आले. साहल्स्ट्रम (१९१२ ते १९८६) स्वतः वाजवत, रचत, आणि वाद्ये बनवत. मुख्य म्हणजे, बनवायला शिकवत. सत्तरच्या दशकात लोकसंगीताची लाट आली तेव्हा संध्याकाळच्या वर्गांत शिक्षक, शेतकरी, कारकून यांनी आपापली निकेलहार्पा स्वतः तयार केली. मघाच्या बाईंचे वडील त्यांपैकीच एक. १९९८ साली तोबो या गावी साहल्स्ट्रमांच्या नावाने संस्था सुरू झाली, तिथे वाजवणे, नाचणे आणि वाद्य बनवणे असे सर्व एकाच छताखाली शिकवतात. योहान्सन जेव्हा जगभर फिरतात तेव्हा त्यांच्या मागे हे सगळे चालत असते. तार तुटली, कळ अडकली, तर दुरुस्त करणारा माणूस उप्पलांडमध्ये मिळतो, एवढेच नव्हे तर त्याच्या शेजारी दुसराही मिळतो.

दुरुस्तीवाल्याची नजर असल्यामुळे असेल, मला वेसेनची वाटचाल अशी उलट्या बाजूने दिसते. लोक मैफली मोजतात, मी बाकावरची करवत मोजतो. म्हणूनच आपल्याकडे काय चालले आहे ते पाहून वाईट वाटते. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या महोत्सवात लोककलेच्या नावाखाली गोंधळ्यांच्या एका फडाला बारा मिनिटे मिळाली. त्यातली चार माईक जुळवण्यात गेली. निवेदकाने त्यांची नावे सांगितली नाहीत, ‘आपले पारंपरिक कलावंत’ एवढेच म्हणाला. त्यांच्या आधी आणि नंतर जे गट वाजले त्यांची नावे मात्र पडद्यावर मोठ्या अक्षरांत होती, त्यांत ‘फ्यूजन’ हा शब्द तिघांनी लावलेला होता. आयोजकांनी मुद्दाम अपमान केला असे मी म्हणत नाही. त्यांना माणसे माहीत नव्हती, कारण ती कुठेही लिहिलेली नाहीत.

सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत कोकणा लोकांची पावरी आहे, भोपळ्याची आणि वेळूची, थाळीवर मेणाने काडी उभी करून ती बोटांनी ओढत रात्रभर कथा सांगणारे आहेत, सप्तशृंगीच्या वाटेवर संबळ आहे. पावरी वाजवणाऱ्याचे छायाचित्र आपल्याही वृत्तपत्रात अधूनमधून येते. तिचा भोपळा कोण पिकवतो, आतून कोण कोरतो, मेण कोण लावतो, हे मी आजवर कुठे वाचलेले नाही. नाशिक ढोल तर देशभर गेला, पण त्याच्यावर आता चामड्याऐवजी बहुधा फायबरचे पान असते. सोय म्हणून ते ठीक आहे. पावसात भिजत नाही, ताणावे लागत नाही. मात्र चामडे चढवणारा माणूस त्यामुळे बाजूला झाला, आणि ढोलाला चालणारे फायबर संबळाला चालत नाही.

आपणाकडून माझ्या अपेक्षा लहान आहेत. पुरवणीत पुढच्या वेळी ते छायाचित्र वापरले तर वाद्याचे नाव निकेलहार्पा असे द्यावे आणि वाजवणाऱ्याचे, ओलोव योहान्सन असे. जिल्ह्यातल्या लोकवादकाचे छायाचित्र आले तर त्याखाली ‘पारंपरिक कलावंत’ न लिहिता त्याचे नाव, गाव आणि वाद्य कुणी बनवले त्याचेही नाव लिहावे. यासाठी वार्ताहराला एक प्रश्न जास्त विचारावा लागेल, एवढेच. वेसेनला फ्यूजन म्हणायचेच असेल तर त्याआधी त्यांची एखादी पोल्स्का शेवटपर्यंत ऐकावी. माझ्या दुकानात तीन सीडी आहेत, सकाळी दहा ते बारा मी असतो, कुणीही येऊन ऐकावे.

जाता जाता एक कामाची गोष्ट. वर ज्या वणीकडच्या गोंधळ्यांचा उल्लेख केला, ते गेल्या महिन्यात पुन्हा आले होते. या वेळी संबळ घेऊन. मोठ्या बाजूचे कातडे फाटले आहे. मी लाकडाचे आणि पितळेचे काम करतो, कातड्याचे माझ्या हाताला नाही. शहरात जे एक म्हातारे गृहस्थ हे काम करत ते वारले, आणि त्यांचा मुलगा कारखान्यात लागला आहे. संबळ सध्या माझ्या फळीवर एका गोणपाटात गुंडाळून ठेवलेला आहे. नाशिक, दिंडोरी, कळवण या भागात संबळाचे कातडे मढवणारा कुणी कारागीर आपल्या वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल, तर कृपया आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे. नवरात्राआधी तो त्यांना परत द्यायचा आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक जुना वाद्यदुरुस्तीकार
रविवार कारंजा, नाशिक